तुम्ही विचारलंत म्हणून: ‘पेशीचं कोर्ट’ मी का बंद केलं

परवा पुन्हा एकदा झालं. ‘मॅडम, ते कोर्टवालं लेक्चर आमच्या पोरांसाठी द्याल का?’ मी नाही म्हटलं आणि लगेच पुढचा प्रश्न आलाच, ‘अहो पण बंद का केलंत? किती भारी होतं ते!’ हे इतक्या जणांनी विचारलंय की माझ्याकडे उत्तरांचा साठाच झालाय, वेळ मिळत नाही, घसा बसतो, स्लाईड्स जुन्या झाल्यात. शेवटचं त्यातल्या त्यात खरं आहे. तर आता एकदाच लिहून टाकते, दर वेळी तोंडाची वाफ दवडायला नको.

ज्यांनी ऐकलंय त्यांना ते पाठ आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, पात्रं सगळी पेशीतली प्रोटीन्स. डीएनएच्या दोन्ही पट्ट्या एकाच जागी तुटल्या, हा झाला गुन्हा. एमआरएन नावाचं प्रोटीनचं त्रिकूट सगळ्यात आधी पोचतं, तो गस्तीवरचा हवालदार. तो एटीएमला बोलावतो, हे फौजदार. फौजदार जागेवर खडूने खुणा करून पंचनामा करतात, त्या खुणेचं नाव गॅमा एचटूएएक्स. मग चेक-टू समन्स घेऊन धावतो आणि प्रकरण उभं राहतं न्यायमूर्ती पी५३ यांच्यासमोर. नुकसान थोडं असेल तर पी२१ करवी स्थगिती, पेशीने विभाजन थांबवावं आणि दुरुस्ती करून घ्यावी. नुकसान प्रमाणाबाहेर असेल तर मृत्युदंड, प्यूमा आणि बॅक्स हे जल्लाद. इथे मी लाकडी हातोडा टेबलावर आपटायचे. खराखुरा हातोडा, बॅगेत घेऊन फिरायचे मी तो. आणि मग आवाज खाली आणून, ‘माणसाच्या जवळपास निम्म्या कॅन्सरांमध्ये हा न्यायमूर्तीच बिघडलेला असतो.’ हॉलमध्ये पिन पडली तरी ऐकू यावी अशी शांतता.

आणि आधी हे सांगू द्या की त्यात सगळंच चुकीचं नव्हतं. ‘म्हणजे तुम्ही आम्हाला खोटं सांगितलंत का’ असं एकाने तोंडावर विचारलं तेव्हा मला राग आला होता, अजून थोडा आहे. पेशीला कळतं कसं, हा पहिला भाग मी आजही जवळपास तसाच सांगेन. केंद्रकात सुमारे दोन मीटर डीएनए गुंडाळून कोंबलेला असतो, त्यात एका जागी तूट. शोधायला कुणी कंदील घेऊन फिरत नाही. तुटलं की दोन मोकळी टोकं तयार होतात, आणि धडधाकट पेशीत मोकळं टोक ही वस्तू सहसा नसते (गुणसूत्रांना स्वतःची टोकं असतात ना, ती टेलोमिअरच्या टोपीखाली झाकलेली असतात, का झाकलेली ते आता कळलं असेल). एमआरएनमध्ये रॅड५० नावाचं जे प्रोटीन आहे त्याला लांबलचक हात असतात आणि दोन हात जिथे भेटतात तिथे जस्ताच्या अणूने अडकवलेला आकडा. त्रिकूट टोकाला घट्ट बसतं, त्यातल्या एनबीएस१ च्या शेपटीला एटीएम येऊन लागतो. एटीएम एरवी जोडीने बसलेला असतो, एकाने दुसऱ्याचं तोंड दाबून धरल्यासारखा. २००३ साली बकेनिस्ट आणि कास्तान या दोघांनी दाखवलं की किरणांचा मारा झाला की ही जोडी एकमेकांच्या १९८१ व्या सेरीनवर (सेरीन म्हणजे प्रोटीनच्या माळेतला एक मणी, अमिनो आम्ल) फॉस्फेट चिकटवते आणि सुटी होते. काही मिनिटांचा खेळ.

आणि मग पुढचं सगळं फॉस्फेटवरच चालतं. माळेत सेरीन किंवा थ्रिओनिन हा मणी, आणि त्याच्या लगेच पुढे ग्लुटामिन, हे जिथे दिसेल तिथे एटीएम आणि त्याचा भाऊ एटीआर फॉस्फेट लावायला बघतात. २००७ मध्ये एलेज यांच्या गटाने एकदा अशी सगळी प्रोटीन्स गोळा केली तर ७०० च्या वर निघाली. माझ्या कोर्टात पात्रं किती होती, मोजा वर. सात! पण ते चालतं, लेक्चर आहे, टेलिफोन डिरेक्टरी नाही.

खडूची खूण मात्र माझ्या खास आवडीची. डीएनए ज्या रिळांवर गुंडाळलेला असतो त्यांत मधूनमधून एचटूएएक्स नावाचं एक हिस्टोन असतं, त्याच्या १३९ व्या सेरीनवर फॉस्फेट लागतं. त्या फॉस्फेटला एमडीसी१ धरतं, आणखी एटीएम आणून बसवतं, तो शेजारच्या रिळावर खूण करतो, ती पुढच्याला बोलावते, असं करत करत तुटीच्या दोन्ही अंगांना लाखो बेसजोड्यांपर्यंत खुणा पसरतात. म्हणजे तूट आहे एका बिंदूची, जी आपल्या मायक्रोस्कोपला सात जन्मांत दिसणार नाही, पण तिच्याभोवतीचा हा फॉस्फेटचा गाजावाजा दिसतो, फक्त त्या खुणेलाच चिकटणारी चमकती अँटीबॉडी लावली की काळ्या केंद्रकात एक हिरवा ठिपका. रोगाकू आणि बॉनर यांनी १९९८ मध्ये ही खूण पहिल्यांदा मांडली आणि तेव्हापासून आमच्यासारखे हजारो लोक ठिपके मोजून पोट भरतायत.

आता चौदावी स्लाईड.

चौदाव्या स्लाईडवर माझा स्वतःचा ब्लॉट होता, म्हणजे फोडलेल्या पेशींत एखादं प्रोटीन किती आहे ते काळ्या पट्टीच्या (बँडच्या) जाडीवरून दाखवणारं चित्र. पीएचडीचं चौथं वर्ष, केमिस्ट्रीवाल्यांनी एक नवं कंपाउंड दिलेलं, कॅन्सरच्या सेल्स त्याने मरत होत्या आणि माझं काम म्हणजे का मरतात ते सांगायचं. चोवीस तास कंपाउंड ठेवायचं, सेल्स खरवडायच्या, फोडायच्या, जेलवर चालवायच्या, गॅमा एचटूएएक्सची अँटीबॉडी लावायची. बँड असा आला की बघत राहावं. डोस वाढवला की बँड जाड, आणखी वाढवला की आणखी जाड, पायऱ्यांसारखा. खाली अ‍ॅक्टिन (तुलनेसाठी घेतलेलं नेहमीचं प्रोटीन) सगळ्या लेनमध्ये एकसारखं. पी५३ पण वाढलेलं. गाईड म्हणाले, फ्रेम करून लाव. कथा कुणाला जुळवावीच लागली नाही: कंपाउंड डीएनए तोडतं, खुणा होतात, पी५३ उठतो, हिशोब करतो, पेशी मारतो. लेक्चर जन्मलं ते या ब्लॉटमधून. आधीच्या तेरा स्लाईड्स त्याच्यासाठी पायघड्या होत्या, हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आज सांगते.

मग लॅबमध्ये सहा महिन्यांच्या प्रोजेक्टला एक पोरगी आली. मला ताई म्हणायची. मी तिला दिलेलं काम खरं तर रंगरंगोटीचं होतं, ब्लॉट आहेच, आता मायक्रोस्कोपखाली ठिपक्यांचे सुंदर फोटो काढ, पेपरला पहिलं चित्र होईल. चार दिवसांनी येऊन म्हणाली, ‘ताई, ठिपके नाहीयेत.’

‘नाहीयेत म्हणजे? बँड एवढा मोठा आहे.’

‘हिरवं आहे. पण ठिपके नाहीत. काही केंद्रकं पूर्ण हिरवी, काहींना नुसती कडेला गोल रिंग. आणि उरलेली सगळी काळी.’

मी म्हटलं अँटीबॉडी जास्त पडली असेल, पातळ कर. केली. मग म्हटलं ब्लॉकिंग नीट झालं नसेल. मग म्हटलं, एटोपोसाइड लाव म्हणजे तुझी पद्धत बरोबर आहे का ते तरी कळेल. मनात होतं की तिथेही हिरवा चिखलच येईल आणि विषय संपेल. एटोपोसाइड हे तोडणारं औषध आहे हे जगाला माहितीय, टोपोआयसोमरेझ-२ नावाचं प्रोटीन डीएनए कापून पुन्हा जोडतं त्यातलं जोडणं ते अडवतं. तिने लावलं, तासाभरात काढलं, आणि काय सुंदर ठिपके, जवळजवळ प्रत्येक केंद्रकात, सुटे सुटे, मोजता येतील असे. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता.

मग तिने न विचारता एक गोष्ट केली. म्हणजे मला न विचारता. सात डिश मांडल्या, शून्य, एक, तीन, सहा, बारा, अठरा, चोवीस तास. मी चार वर्षांत फक्त चोवीसवाली डिश बघितली होती, कारण चोवीसला बँड सुरेख येतो. तिच्या ब्लॉटवर सहा तासांपर्यंत गॅमा एचटूएएक्स जवळजवळ नाहीच. बाराला कॅस्पेझ-३ कापला गेलेला दिसतो, म्हणजे पेशीचं मरण सुरू झालेलं. गॅमा एचटूएएक्स वर येतं अठराला. आणि दुसऱ्या जेलवर तिने कॅस्पेझ अडवणारं झेडव्हॅड घातलं होतं, त्या लेनमध्ये चोवीस तासांचा माझा तो जाडजूड बँड, फ्रेम करून लावायचा बँड, पुसल्यासारखा.

ज्यांना हे वाचून काही वाटलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पेशी अपॉप्टोसिसने, म्हणजे ठरवून आत्महत्या केल्यासारखी, मरायला लागली की कॅस्पेझ नावाची कात्रीसारखी प्रोटीन्स जागी होतात, ती एका न्यूक्लिएझवरचा (डीएनए कापणाऱ्या प्रोटीनवरचा) लगाम कापतात, आणि ते न्यूक्लिएझ स्वतःच्याच डीएनएचे रिळारिळांच्या मधून तुकडे पाडतं. हजारो तुकडे, म्हणजे हजारो मोकळी टोकं. साहजिकच त्यांच्यावरही फॉस्फेटची खूण होते, आधी केंद्रकाच्या कडेला रिंग, मग सगळं केंद्रक हिरवं. पेशी मरत होती ती दुसऱ्याच कशानेतरी. डीएनए तुटत होता तो मरण सुरू झाल्यावर. मी ज्याला खुनाचा पुरावा म्हणून पडद्यावर लावत होते तो चितेचा धूर होता.

आता माझी बाजू. चोवीस तासांचा एकच ब्लॉट दाखवून ‘डीएनए डॅमेज’ लिहिणारी मी एकटी नव्हते, तसे ब्लॉट सर्रास छापून येत होते, रिव्ह्यूवर कुणी चकार शब्द काढत नव्हतं. गाईडनी विचारलं नाही. सेमिनारला बसलेल्या चाळीस लोकांनी विचारलं नाही. आणि पूर्ण केंद्रक हिरवं म्हणजे अपॉप्टोसिसच असंही नसतं, डीएनएची नक्कल करताना पेशीची फार ओढाताण झाली तरी तसं दिसू शकतं, त्यामुळे मी तिच्या फोटोंवर शंका घेतली ती अगदीच अनाठायी नव्हती. हे सगळं मी खूप वर्षं स्वतःला सांगितलं. पण मरणाऱ्या पेशीतही हीच खूण होते हे रोगाकू यांच्याच पेपरात २००० सालापासून छापलेलं होतं. तो पेपर माझ्या फाईलमध्ये होता. पिवळ्या पेनाने हायलाईट केलेला.

मी तिला रिपीट करायला सांगितलं. तिने केलं. परत सांगितलं. माझ्यासमोर कर म्हटलं, तेही केलं, मी मागे उभी राहून तिच्या पिपेटकडे बघत होते, चुकेल म्हणून. मग मी म्हटलं कॉमेट करून बघू, अँटीबॉडीला दिसत नसेल अशी थोडी तूट सुरुवातीला असेलही (त्यात पेशी जेलमध्ये पकडून वीज सोडतात, तुटका डीएनए धूमकेतूच्या शेपटीसारखा बाहेर ओढला जातो). एटोपोसाइडला शेपट्या, माझ्या कंपाउंडला सहा तासांनी गोल गोल केंद्रकं, बिनशेपटीची. त्या रात्री मी लॅबमध्ये एकटी बसून त्या गोल पेशी मोजत होते, शंभर मोजल्या, मग अजून शंभर, जणू तिसऱ्या शंभरात शेपूट उगवणार होतं.

आणि हे इतक्या लांबणीवर टाकून जे सांगायचंय ते असं, की मी त्यानंतरही ते लेक्चर दोनदा दिलं. चौदाव्या स्लाईडसकट. पहिल्यांदा म्हटलं तारीख आधीच ठरलेली आहे आणि रिपीट व्हायचंय अजून. दुसऱ्यांदा रिपीट तीनदा होऊन गेलेलं होतं. दुसऱ्यांदा ती मागच्या रांगेत बसली होती, आमच्या लॅबमधले चारपाच जण ऐकायला आले होते त्यांच्यासोबत. चौदावी स्लाईड आली, मी पायऱ्यांसारख्या बँडवर लाल लेझर फिरवला, ‘बघा, गुन्हा जितका मोठा तितका पंचनामा जाड’ म्हटलं, लोक हसले, मी हातोडा आपटला. तिने टाळ्या वाजवल्या, सगळ्यांसारख्याच. बाहेर पडताना बॅग उचलायला आली आणि हळूच म्हणाली, ‘चौदावी ठेवलीत?’ बस, एवढंच. त्यात टोमणा नव्हता, खरंच विचारत होती, कदाचित मला काही नवीन कळलं असेल आणि तिला सांगायचं राहिलं असेल असं तिला वाटलं असावं. मी म्हटलं, ‘हो अगं, बदलायची राहिली.’

पेपर आम्ही पाठवला नाही. थिसिसचं ते प्रकरण पुन्हा लिहिलं, त्यात दीड वर्ष गेलं, कंपाउंड नक्की कशाने मारतं ते अर्धवटच कळलं. तिचं नाव थिसिसच्या आभारात आहे, दुसऱ्या परिच्छेदात. पहिल्या परिच्छेदात हवं होतं.

तुम्ही म्हणाल, मग ती स्लाईड काढायची, अख्खं लेक्चर का बंद? काढली ना. तेरानंतर पंधरा, कुणाला कळलंही नाही. एकदा दिलं तसं. पण त्या सात डिशनंतर मला एक वाईट खोड लागली होती, प्रत्येक वाक्याला मनातल्या मनात विचारायची, किती वाजता? आणि कुठल्या पेशीत? ब्लॉट म्हणजे लाखो पेशी एकत्र फोडून काढलेली सरासरी. पंधराव्या स्लाईडवर न्यायमूर्ती पी५३ आले आणि मी अडकले.

कारण पी५३ कुठे बसून नसतं. पेशी ते सतत बनवते आणि सतत मोडीत काढते, वीसेक मिनिटांत निम्मं गायब, मोडीत काढणारं प्रोटीन एमडीएम२, आणि गंमत अशी की एमडीएम२ चा जीन चालू करतं तेही पी५३ च. स्वतःच्या मारेकऱ्याला स्वतःच पगार. तूट झाली की एटीएम आणि चेक-टू फॉस्फेट लावून ही साखळी सैल करतात, पी५३ साचतं, ते एमडीएम२ वाढवतं, एमडीएम२ पी५३ ला खाली खेचतं. ब्लॉटवर हे एक लाट येऊन ओसरल्यासारखं दिसतं आणि सगळे म्हणायचे, बघा, नुकसान जास्त तर लाट मोठी. २००४ मध्ये गलित लहाव, युरी अलोन आणि मंडळींनी पी५३ ला चमकणारं प्रोटीन जोडून एकेक जिवंत पेशी तासन्‌तास बघितली. एकेका पेशीत लाट ओसरत नव्हतीच. ठोके होते, साधारण पाचसहा तासांनी एक, प्रत्येक ठोका जवळपास तेवढाच उंच. डोस वाढवला तर ठोका उंच होत नाही, सरासरीने ठोक्यांची संख्या वाढते, आणि त्याच डिशमध्ये, त्याच डोसला, एका पेशीत दोन ठोके, शेजारणीत एक, तिसरीत एकही नाही. भरडून बघितलं की या सगळ्या वेगवेगळ्या तालांची मिळून एक गुळगुळीत लाट होते जी एकाही पेशीत नसते. म्हणजे माझे न्यायमूर्ती निकाल वाचत नव्हते, दर साडेपाच तासांनी दार उघडून बघत होते, अजून तुटकंच आहे का?

मग म्हटलं, ठीक आहे, ठोके तर ठोके, शेवटी हद्द ओलांडली की मृत्युदंड, हे तरी खरं ना? २०१६ चा लहाव यांच्याच गटाचा पेपर वाचला. सिसप्लॅटिन हे कॅन्सरचं औषध दिलेल्या पेशी. मरणाऱ्या आणि वाचणाऱ्या, दोघींमध्येही पी५३ बऱ्याचदा सारखीच पातळी गाठतं. फरक असा की मरणाऱ्या पेशी ती लवकर गाठतात. कारण हद्द स्वतःच वर सरकत असते, औषधामुळे मरण अडवणारी प्रोटीन्सही वाढत जातात, उशिरा पोचलेल्या पी५३ ला कालची पातळी आज पुरत नाही. एकच गुन्हा, एकच न्यायाधीश, पण फाइल सकाळी आली तर फाशी आणि संध्याकाळी आली तर सुटका. हे कोर्ट म्हणून सांगून बघा कुणाला. (हो, माहितीय काय म्हणणार आहात. तो विनोद मी पण केला, वकील मंडळींसमोर, जोरात हशा आला.)

त्यात भर म्हणजे गुन्ह्याशिवाय पंचनामाही होतो. सुटोग्लू आणि मिस्टेली यांनी २००८ मध्ये दुरुस्तीची प्रोटीन्स न तुटलेल्या डीएनएवर एका जागी नुसती बांधून ठेवली, आणि एटीएमपासूनची घंटा वाजायला लागली. तूट शून्य. हे मी ज्या दिवशी नीट वाचलं त्या दिवशी मला त्या पोरीला फोन करावासा वाटला होता. केला नाही.

आता जुनी मी काय म्हणते ते ऐका, कारण ती गप्प बसत नाही. ती म्हणते, बये, तू शाळेतल्या पोरांना सरकणारी हद्द आणि ठोक्यांची संख्या सांगणार आहेस का? लोकांना कोण करतंय हे लागतं. क्रियापदाला कर्ता लागतो. पी५३ ला ‘जीनोमचा रखवालदार’ म्हणणारे डेव्हिड लेन काय अडाणी होते का, १९९२ साली ‘नेचर’मध्ये लिहिलंय त्यांनी ते, आणि त्या दोन शब्दांमुळे किती जण या विषयात आले, तूही त्यातलीच. आणि हद्द सरकते म्हणजे हद्द आहे ना शेवटी? मग तुझा हातोडा एवढा काय चुकला?

मला याचं उत्तर देता येत नाही. मी रखवालदार शब्द वाचूनच आले. आणि ‘बरोबर’ लेक्चर देऊन बघितलंय मी. हातोडा नाही, फौजदार नाही, नुसते वेग, एक प्रोटीन किती लवकर साचतं, दुसरं किती लवकर मोडतं, त्यात कोण पुढे. विसाव्या मिनिटाला पहिल्या रांगेतले एक काका गाढ झोपले. नंतर एका बाईंनी विचारलं, ‘पण मग ठरवतं कोण?’ मी म्हटलं कुणीच नाही. त्या म्हणाल्या, ‘असं कसं?’ त्यांच्या चेहऱ्यावर चीड नव्हती, काळजी होती. त्यांच्या घरात कुणाचंतरी रेडिएशन चालू होतं हे मला नंतर कळलं. एक ग्रे (किरणांच्या डोसचं माप) किरणांनी एका पेशीत डीएनएच्या दोन्ही पट्ट्यांच्या साधारण ३५ ते ४० तुटी होतात, उपचारात असे ग्रे दिवसामागून दिवस देतात, कारण ट्यूमरच्या पुष्कळ पेशींची थांबायची आणि जोडायची यंत्रणा बिघडलेली असते आणि धडधाकट पेशींना मधल्या तासांत सावरायला वेळ मिळतो. हे मी त्यांना सांगू शकले असते. त्याला कोर्ट लागत नाही. त्याऐवजी मी त्यांना फीडबॅक लूपची आकृती दाखवत बसले.

त्या सावरायच्या वेळेवरून आठवलं, या सगळ्या विषयात मला अजूनही ज्याचा एक शब्द बदलावासा वाटत नाही असा एकच प्रयोग आहे, वाइनर्ट आणि हार्टवेल यांचा १९८८ चा. यीस्टमध्ये रॅड९ नावाचा जीन बिघडला की किरणांनंतर पेशी थांबत नाही, तुटक्या गुणसूत्रांसकट विभागत सुटते आणि मरते. त्यांनी काय केलं, अशा पेशींना एका विषाने काही तास विभागूच दिलं नाही, मुद्दाम अडकवून ठेवलं. बऱ्याच वाचल्या. म्हणजे दुरुस्ती करायला त्यांना येत होतंच, फक्त कुणी थांबवत नव्हतं. यात न्यायाधीश नाही, फौजदार नाही, नुसतं ‘जरा दम धर’. हा प्रयोग माझ्या लेक्चरमध्ये कधीच नव्हता. हातोडा आपटायला त्यात जागा नाही ना.

आता विचाराल, मग यावर नवीन लेक्चर करा. चार वेळा सुरुवात केली. दर वेळी पहिल्या स्लाईडवरच अडते, कारण पहिली स्लाईड मला निरोगी पेशीची हवी असते, जुन्या लेक्चरमध्ये ती होती, काळंशार स्वच्छ केंद्रक, खाली लिहिलेलं ‘शांतता’. ते चित्र मी भरपूर फोटोंतून निवडलं होतं. त्या पोरीची शून्य तासांची डिश माझ्या हार्डडिस्कमध्ये अजून आहे, काही घातलेलं नाही, कुणी किरण सोडलेले नाहीत, आणि तिच्यातही कितीतरी केंद्रकांत दोन, तीन, एखादीत पाच ठिपके आहेत, बहुतेक डीएनएची नक्कल करत असलेल्या पेशी. तिने प्रत्येकाभोवती बारीक गोल काढून कडेला आकडा लिहिलाय. सगळ्यात वर, कोपऱ्यात, पेन्सिलने लिहून स्कॅन केलेलं आहे: ‘ताई, यांना पण धरायचं का?’